नको तिथला तपकिरी

‘बॅकग्राउंड आलंय’ असं कुणी सांगत आलं की मी आधी विचारते, कुठे आलंय? सगळ्या सेक्शनभर सारखं, नुसतं कडांना, की रक्तपेशींवरच? इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीतल्या निम्म्या अडचणी या एका प्रश्नाने सुटतात, असा माझा अनुभव आहे.

आमचं काम तसं सरळ. पॅराफिन ब्लॉकमधून ३-४ मायक्रॉनचा काप घ्यायचा, त्यावर प्रायमरी अँटीबॉडी सोडायची. ती हवं ते प्रथिन शोधून चिकटते आणि तिच्यामागून येणाऱ्या सेकंडरी अँटीबॉडीबरोबरचं पेरॉक्सिडेज डॅब या रसायनाला तपकिरी करतं. तपकिरी तिथे प्रथिन. पण हा रंग दुसऱ्या कारणांनीही उमटतो, तेच बॅकग्राउंड, आणि बहुतेक कारणांची खूण वेगळी असते. लाल रक्तपेशी आणि इओसिनोफिल यांच्यात मुळातच पेरॉक्सिडेजसारखी क्रिया असते. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड दहा मिनिटं ठेवलं की ती बहुधा शमते. यकृत आणि मूत्रपिंडात स्वतःचं बायोटिन असतं. ॲव्हिडिन-बायोटिन पद्धतीत ते फार छळायचं. पॉलिमर किट आल्यापासून तो त्रास गेला. ज्यांच्याकडे अजून जुनी पद्धत आहे त्यांनी ब्लॉकिंगला दुधाची पावडर वापरू नये, दुधातही बायोटिन असतं. कोलॅजनवर धूसर रंग चढत असेल, तर सेकंडरी अँटीबॉडी ज्या प्राण्यात तयार झाली त्याच प्राण्याचं नॉर्मल सीरम आधी घालावं. कडा गडद आणि मधला भाग स्वच्छ असेल, तर सेक्शन मध्येच वाळला. एप्रिल-मे महिन्यात पंख्याखाली उघडी ठेवलेली स्लाइड पाहता पाहता सुकते. ओलसर, झाकणाच्या डब्याला तेव्हा पर्याय नाही.

प्रायमरी अँटीबॉडी न घालता केलेली एक स्लाइड सोबत असावीच. तीही तपकिरी झाली, तर दोष पुढच्या टप्प्यांत किंवा ऊतीच्या स्वतःच्या एन्झाइमात आहे. ती स्वच्छ निघाली, तर नजर प्रायमरीकडे वळवायची. बहुतेकदा ती जास्त घट्ट असते. किटवर छापलेलं प्रमाण सुरुवातीपुरतं. १:५०, १:१००, १:२००, १:४०० अशी मालिका आपल्याच ब्लॉकवर लावून आपलं प्रमाण आपण ठरवायचं.

इथेच एक मोह होतो, आणि तो मला सर्वांत घातक वाटतो. कारण न शोधता डॅबची वेळ कमी करायची किंवा अँटीबॉडी पातळ करत जायचं. स्लाइड सुंदर दिसते, पण बॅकग्राउंडबरोबर खरा फिकट रंगही जातो. स्तनाच्या कर्करोगात हर-टू हे प्रथिन तपासताना पेशींच्या कडेची अर्धवट, फिकट रेघ म्हणजे १+. पूर्वी ० आणि १+ दोन्ही ‘निगेटिव्ह’च धरले जात, फरकाने उपचार बदलत नसत. २०२२ साली अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅनला हर-टू कमी असलेल्या, पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी मान्यता मिळाली आणि त्या फिकट रेघेला मोल आलं. ती पुसली गेली, तर एखाद्या बाईच्या औषधाचा मार्ग बंद होऊ शकतो. त्यामुळे बॅकग्राउंड घालवताना प्रत्येक वेळी हर-टू १+ असलेला कंट्रोल सोबत लावावा, आणि त्यातली रेघ टिकली तरच बदल स्वीकारावा.

एका प्रकारच्या बॅकग्राउंडला मात्र आमच्या टेबलावर इलाज नाही. शस्त्रक्रियेनंतर ऊती बराच वेळ तशीच राहिली, तर पेशी विरघळू लागतात आणि सीरममधली प्रथिनं, इम्युनोग्लोब्युलिनसकट, आजूबाजूला झिरपतात. अँटीबॉडी मग जिथे तिथे चिकटते. फॉर्मालिन आत शिरतं तासाला साधारण १ मिलिमीटर. न कापता बरणीत टाकलेल्या अख्ख्या स्तनाचा बाहेरचा भाग पक्का होतो आणि मधली गाठ, जिच्यासाठी सगळा खटाटोप, ती सडत राहते. असा ब्लॉक मी स्लाइडवर पाहताच ओळखते: काठाला रंग नेमका, आत चिखल. कुठलंही ब्लॉकिंग त्याला पुरत नाही.

म्हणून ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर आणि निवासी डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे. रुंद तोंडाची बरणी घ्या, ऊतीच्या निदान दहापट १० टक्के बफर्ड फॉर्मालिन घाला. मोठा नमुना आधी पॅथॉलॉजिस्टशी बोलून योग्य तसा कापून घ्या आणि तासाच्या आत फॉर्मालिनमध्ये जाऊ द्या. तिथे तो ६ ते ७२ तास राहायला हवा. आणि नमुना किती वाजता काढला, किती वाजता फॉर्मालिनमध्ये गेला, या दोन वेळा फॉर्मवर लिहा.