विहिरीचा नाडा

आमच्या बारामती-इंदापूर भागांत डोंगर म्हणावा असा डोंगर नाहीं, हें येथील वाचकांस निराळें सांगावयास नको. पुरंदर आणि वज्रगड पश्चिमेस राहिले. आमच्या वांट्यास कऱ्हा, नीरा व भीमा यांच्या कांठचीं सपाट रानें, ऊंस आणि उजनीचें पाणी आलें. परंतु खडक म्हणाल तर तो येथें वाटेल तितका आहे. विहीर खणणारास विचारावें. हात दोन हात माती उकरली कीं काळा पाषाण लागलाच. ज्या गांवीं खडक आहे आणि मुलेंही आहेत, त्या गांवीं मुलें खडकावर चढणार, हें ओघानेंच आलें. इंदापुरास मालोजीराजांच्या गढीवर, रानांत विहिरींच्या बांधकामावर, आणि सोडून दिलेल्या दगडखाणींच्या उभ्या भिंतींवर आम्हीं त्यांस पुष्कळदां पाहिलें आहे, आणि शिक्षक या नात्यानें पुष्कळदां रागेंही भरलों आहों.

पुढें आमच्या मनानें घेतलें कीं, मुलें चढणारच, तर आपल्या देखरेखीखालीं चढावीं. विचार वाईट नव्हता. तयारी मात्र वाईट होती. दिवाळीच्या सुट्टींत दहा मुलगे घेऊन आम्ही एका जुन्या खाणीवर गेलों. दोर हवा होता. एका मुलानें घरच्या आढ्याला टांगलेला मोटेचा नाडा आणला. मोटा जाऊन विजेचे पंप आले त्याला कित्येक वर्षें झालीं; नाडा तेव्हांपासून तसाच होता. दिसावयास मनगटाएवढा जाड! आम्हीं तो वरच्या बाभळीस बांधला, स्वतः लोंबकळून पाहिला, आणि निःशंक झालों. तीन मुलें चढून गेलीं. चौथा, म्हणजे ज्याचा नाडा तोच, अर्ध्यावर असतां घसरला. नाडा खडकाच्या धारेवर ताणला गेला आणि तुटला. मुलगा दीड पुरुष उंचीवरून पडला व त्याचा हात मोडला.

दवाखान्याच्या ओसरींत बसून त्याच्या वडिलांची वाट पाहिली तो एक तास आम्हांस वर्षासारखा गेला. ते आले, मुलास पाहून बाहेर आले, आणि आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच म्हणाले, “सर, दोर आमचाच होता.” त्यांनीं आम्हांस दूषणें दिलीं असतीं तर तें सोसणें सोपें गेलें असतें.

त्यानंतर दोन वर्षें आम्ही खाणीकडे फिरकलों नाहीं. मुलें मात्र फिरकत होतीं, आणि आतां त्यांच्याजवळ नाडाही नव्हता. अखेर पुण्याच्या एका गिर्यारोहक मंडळाचे दोघे तरुण ओळखीनें आले. त्यांनीं सांगितलें तें आम्हांस, विज्ञान शिकवीत असूनही, सुचलें नव्हतें. चढाईचा दोर जाड असावा लागत नाहीं. तो ताणला जावा लागतो. पडणाराचा हिसका नायलॉनचा दोर लांबून गिळतो. नाडा लांबत नाहीं, म्हणून सारा हिसका माणसास तरी बसतो किंवा नाड्यास तरी. शिवाय दोरास वय असतें. न वापरतां ठेवलेला दोरही दहा वर्षांनंतर बाद धरावा, असें दोर करणारेच सांगतात. आमचा सह्याद्रीचा पाषाण थरांथरांचा, मध्येंच ठिसूळ. म्हणून त्यांत भोकें पाडून पोलादी खुंट्या बसवाव्या लागतात, आणि त्या पावसाळ्यांत गंजत नाहींत ना, हें वरचेवर पाहावें लागतें.

हें सर्व पैशाचें काम. एका बऱ्या दोरास दहा हजार रुपयांवर पडतात. शिरस्त्राणें, कमरपट्टे, कड्या निराळ्या. मोठ्या मोहिमेस पैसा मिळतो, आणि मिळावाच. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची २०१२ सालची एव्हरेस्ट मोहीम लोकांच्या देणग्यांवरच उभी राहिली. मुंबईच्या गिरिविहारनें तर २०१६ व २०१७ सालीं नवी मुंबईंत चढाईची जागतिक चषक स्पर्धा भरविली. पण नववींतल्या मुलाच्या दोरासाठीं पैसे मागावयास गेलें, कीं लोक विचारतात, “दगडावर चढून पोट भरतें काय?” १९५३ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेच्या शिलकी पैशांतून विलायतेंत एक निधि उभारला गेला, आणि त्यांतून अद्याप डोंगरांवरील इतर मोहिमांस साहाय्य मिळतें, हें वाचून आम्हांस मोठें कौतुक वाटलें. अलीकडे तर जगभरच्या लहान मंडळांस थोडथोडकी मदत देणाऱ्या संस्थाही निघाल्या आहेत. मलावीसारख्या गरीब देशांत चढणाऱ्यांचें मंडळ आहे. पॅलेस्टाईनमध्यें रामल्ला शहरीं चढाईची भिंत आहे. मग आमच्या खाणीनें काय पाप केलें, असें मनांत येऊन आम्हींही परदेशच्या एका संस्थेकडे अर्ज धाडला.

अर्जांत प्रश्न होते. दोर कोण सांभाळणार? तपासणार कोण? मुली किती चढतात? पहिल्या दोहोंचीं उत्तरें आम्हीं कशींबशीं लिहिलीं. तिसऱ्याशीं लेखणी अडली. वीस वर्षें मुलामुलींस एकत्र शिकविणाऱ्या आम्हांस, खाणीवर मुलींस न्यावें, हें एकदांही सुचलें नव्हतें! “एकही नाहीं” असें लिहून अर्ज पाठविला. मदत मिळाली नाहीं, व त्याबद्दल आमची तक्रारही नाहीं. तो प्रश्न फुकट मिळाला हेंच पुष्कळ झालें.

मग आम्हीं जुन्या विद्यार्थ्यांस पत्रें लिहिलीं. कोणी शंभर दिले, कोणी पांचशें. साखर कारखान्यांत लागलेल्या एकानें एका महिन्याच्या पगारांतून एक शिरस्त्राण घेऊन दिलें. खरें सांगावयाचें तर मोठी रक्कम एकदम हातीं आली असती तर आम्हीं बहुधा भिंत बांधली असती, तिच्यावर पाटी लावली असती, आणि दोर घेण्याचें राहून गेलें असतें. लहान रकमेनें आम्हांस आधीं दोर घ्यावयास लावलें.

पुण्याचे ते तरुण दर महिन्यास येतात. गेल्या हिवाळ्यांत सात मुलीही चढल्या. त्यांपैकीं एक तर आमच्या सर्व मुलग्यांपेक्षां पायांचा उपयोग चांगला करते. दोराची एक नोंदवही आहे: कोणत्या तारखेस काढला, कोण किती वेळां पडलें, धार कोठें लागली. ती वही, ज्याचा हात मोडला होता, तो मुलगा ठेवतो. त्याचें अक्षर वाईट आहे, पण नोंद चुकत नाहीं.

परवां त्याचे वडील खाणीवर आले होते. मोटेचा नाडा पाहावा तसा त्यांनीं तो दोर बोटांतून हातभर हातभर सरकवीत टोकापर्यंत पाहिला, आणि विचारलें, “किती वर्षें चालेल म्हणालांत?”

“फार तर दहा,” आम्हीं सांगितलें.

“मग घेतल्याचें साल वहीवर मोठ्या अक्षरांत घाला, सर. आमच्या नाड्याचें कुणाला ठाऊक नव्हतें.”