धूलिकणाचा आधार

काही वर्षांपूर्वी, डिसेंबरातील एका थंड सकाळी, वसतिगृहातील मुलांना घेऊन मी नागझिऱ्याच्या तलावाकाठी उभा होतो. पाण्यावरून पांढरे धुके हळूहळू वर चढत होते. सहावीतील एका अबोल मुलाने विचारले, “सर, पाणी तर उकळत नाही, मंग वाफ कशी काय निघते?”

मी इतिहासाचा शिक्षक. उत्तर ठाऊक नव्हते; ते कबूल करण्याऐवजी मी म्हणालो, “आधी रांगेत उभा राहा.” त्यानंतर कित्येक दिवस त्या मुलाने वर्गात प्रश्न विचारला नाही. ती शांतता मला बोचत राहिली. अखेर मी विज्ञानाची पुस्तके उघडली.

वाफ मुळात दिसतच नाही. दिसतात ते तिचे पाण्याचे थेंब. रात्रीच्या गारठ्यातही तलावाचे पाणी हवेपेक्षा उबदार राहते. त्यावरची दमट हवा वरच्या थंड हवेत मिसळते, त्या मिश्रणात सारी वाफ मावत नाही आणि धुके तयार होते. मात्र केवळ गारवा पुरत नाही. अतिसूक्ष्म थेंबाचा पृष्ठभाग इतका वक्र असतो की त्यातील रेणू लगेच निसटून जातात. थेंबाला टिकण्यासाठी आरंभी आधार लागतो. हा आधार देतो हवेतील धुळीचा, धुराचा किंवा क्षाराचा कण. स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी १८८० साली हे दाखवले: साध्या हवेच्या भांड्यात वाफ सोडताच धुके दाटले, कापसातून गाळलेल्या हवेच्या भांड्यात मात्र काहीच दिसले नाही. पुढे सी. टी. आर. विल्सन यांनी विद्युतभारित कणांवरही थेंब जमतात हे सिद्ध केले. त्यांच्या मेघकोठीला १९२७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा योगायोग विसरता येत नाही. ज्यांना शतकानुशतके पायाची धूळ म्हणून हिणवले, त्यांनीच त्या दिवशी पाण्यावरचा माणसाचा हक्क उभा केला. आणि निसर्ग सांगतो, प्रत्येक ढगाच्या थेंबाच्या पोटात असा एखादा कण असतोच. तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद हाच ना? एकट्याने काहीच घडत नाही. कारणे जुळावी लागतात.

त्या मुलाजवळ कुतूहलाची वाफ होती. आधाराचा कण मी द्यायचा होता. तोच मी काढून घेतला.

एका संध्याकाळी मी त्याला भोजनगृहात नेले. भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलले, त्याच्या आतल्या बाजूचे थेंब दाखवले आणि म्हणालो, “त्या दिवशी मला उत्तर येत नव्हते, बाळा.” तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग विचारले, “सर, झाकणावर तर धूळ नाही, मंग थेंब कसे झाले?”

थंड झाकणच तेथे आधार होते, हे मी त्याला सांगितले. पण त्याहून मोठा आनंद मला त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचा झाला. आपल्या विद्यालयाने आजवर हेच केले आहे: मुलांच्या प्रश्नांना टेकायला जागा दिली आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!