भिजायचं नाही, भावजी!

पावसाळ्यात राजमाची, हरिश्चंद्रगड पालथे घातलेल्या माणसाला पावसाचं काय कौतुक! आमचे धाकटे दीर २०१९ च्या ऑक्टोबरात पुण्याहून आले, तेव्हा त्यांचंही हेच म्हणणं होतं. मुलांना हाफ टर्मची सुट्टी, म्हणून सगळे लेक डिस्ट्रिक्टला गेलो. केझिकला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी कॅटबेल्स चढायचं ठरलं. उंची अवघी ४५१ मीटर.

"वहिनी, आमचं कळसूबाई १६४६ मीटर! हे तर टेकाड आहे." अंगात जीन्स, सुती टी-शर्ट, वर पातळसा विंडचीटर. मी वॉटरप्रूफ पँट पुढे केली तर म्हणाले, "अहो, भिजण्यातच तर मजा!"

निम्म्या चढापर्यंत मजा होतीही. खाली डरवेंटवॉटरचं पाणी, डोंगरउतारावर तांबूस झालेलं नेचं. मग पाऊस आला, आणि तो आडवा आला. माथ्याजवळ खडकाला हात लावून चढावं लागतं, तिथे भावजींचे हात कापत होते. एरवी अखंड बोलणारा माणूस गप्प झाला. उतरताना चेन लावायला गेले तर बोटं वळेनात, आणि विचारलं तर शब्द जड येत होते. माझ्या पोटात गोळा आला.

एका मोठ्या खडकाच्या आडोशाला त्यांना बसवलं. ओला शर्ट काढून यांचा जादा लोकरी स्वेटर घातला, लेकीची टोपी डोक्यावर चढवली, थर्मासमधला गोड चहा घोट घोट पाजला. वीसेक मिनिटांनी भावजी म्हणाले, "वहिनी, आलं कमी पडलंय." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आपल्या सह्याद्रीतला पाऊस तसा उबदार. भिजलं तरी चालत राहिलं की अंग तापतं. इथे पाऊस, वारा आणि थंडी हातात हात घालून येतात. शंभर मीटर चढलं की हवा अर्धा-पाऊण अंशाने गार होते. सुती कापड पाणी पिऊन बसतं, वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. कॅटबेल्सपासून फार लांब नसलेलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सगळ्यात जास्त पावसाचं वस्तीचं गाव, वर्षाला सुमारे ३५०० मिलिमीटर. आपल्या महाबळेश्वरला याहून जास्त पडतो, पण तो बहुतेक चार महिन्यांत उरकतो. इथे बाराही महिने छत्री! आणि डोंगरावर तीही कामाची नाही, वारा पहिल्याच झोतात उलटी करतो.

तेव्हापासून आमच्या घरात सॅक भरायची पद्धत ठरून गेली आहे. अंगालगत लोकरी किंवा सिंथेटिक बनियन, त्यावर फ्लीस. जीन्स अजिबात नाही. वॉटरप्रूफ जाकीट आणि पँट दोन्ही, कारण मांड्या भिजल्या की सगळं अंग गारठतं. बूट घोटा धरणारे, खाली खोल नक्षी असलेले. ओल्या दगडावर गुळगुळीत तळवा म्हणजे थेट लोटांगण. हातमोज्यांचे दोन जोड, टोपी, आणि एक जादा स्वेटर व मोजे. सॅकच्या आत आधी जाड बिन बॅग घालायची आणि मग सामान भरायचं, कारण सॅकच्या शिवणीतून पाणी शिरतंच.

खाणं खिशात हवं, तळाशी नको. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चिक्की भर पावसात चालता चालता खाता येतात. केन्डल मिंट केकही ठेवतो. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेने तो नेला होता, मग आपण का नाही?

कागदी नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत, होकायंत्र, आणि कपाळावर बांधायचा टॉर्च. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि मग पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. शिट्टीही हवी: मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. फोन लागला तर ९९९ वर आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. ते स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. म्हणूनच उगीच त्यांना डोंगरावर आणू नये.

आणि सॅकमध्ये न मावणारी एक गोष्ट: परत फिरायची तयारी. कुणी कुडकुडू लागलं, गप्प झालं, ठेचकाळू लागलं, की माथा पुढच्या वर्षी.

२०२३ मध्ये भावजी पुन्हा आले. विमानतळावर बॅग उघडून आधी वॉटरप्रूफ पँट दाखवली, मग म्हणाले, "या खेपेला चहा माझ्याकडे. आलं भरपूर घालणार आहे."