दिवसा दिसलेला तारा

‘डोळ्यांपुढे दिवसा तारे चमकले’ असं आपण मराठीत म्हणतो, आणि उर्दूत ‘दिन में तारे नजर आना’ आहेच. दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे हे वाक्प्रचार मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते, मुलं हसतात. पण फेब्रुवारी 2025 मध्ये आमच्या मोहल्ल्यात भर दुपारी खरोखरच तारा दिसला आणि एका घरातलं हसू त्यानं पळवलं.

शब-ए-बरात होऊन आठवडा झाला होता. सातवीतली एक मुलगी वर्गात गप्प बसू लागली. बाजूला घेऊन विचारलं, तर रडायला लागली. तिच्या भावाला गच्चीवर पतंग उडवताना आभाळात पांढरा ठिपका दिसला होता. दुसऱ्या दुपारीही त्याच जागी. घरात दादी महिन्याभरापासून खाटेवर. शेजारच्या बाईंनी सांगून टाकलं, हा बुलाव्याचा तारा आहे, यंदाच्या यादीत नाव आलंय. जी पोरगी रात्री दादीच्या कुशीत झोपते, तिच्यासमोर असं बोलायला माणसाची जीभ कशी वळते?

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. सूर्य भिंतीआड राहील अशा सावलीत मुलांना उभं केलं. हे फार महत्त्वाचं. शोधता शोधता नजर सूर्यावर गेली तर डोळे जातील. तीनच्या सुमारास भावानं जवळजवळ डोक्यावर बोट दाखवलं. मला सापडायला पाच मिनिटं लागली. कोऱ्या निळ्या आभाळात नजरेला अडकायला काही मिळत नाही, म्हणून समोर असलेला ठिपकाही हुकतो. एकदा सापडला की मात्र इतका ठळक, की आधी कसा दिसला नाही याचंच नवल वाटतं.

ड्रोन असेल, हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्था सोडते तो मोठा फुगा असेल, असे तर्क मुलांनी केले. मी म्हटलं, तपासू या. पाण्याच्या टाकीची कड आणि ठिपका एका रेषेत येतील अशी जागा खडूनं आखली. फुगा वाऱ्याबरोबर जाईल, ड्रोन मनाला येईल तिकडे. हा ठिपका मात्र सूर्यासारखाच शांतपणे पश्चिमेला सरकला, चार मिनिटांना एक अंश या हिशेबानं. पुढची परीक्षा सोपी होती : मावळतीपर्यंत त्याचा माग ठेवायचा. मगरिबच्या अजानीला तोच ठिपका पश्चिमेला दिव्यासारखा झळकत होता. शुक्र! उर्दूत जोहरा. त्याच्यावर दाट ढगांचं आवरण आहे, ते बराचसा सूर्यप्रकाश परत फेकतं. शिवाय त्या महिन्यात तो त्याच्या सर्वांत तेजस्वी काळात होता.

मग मी घरातल्यांना एक प्रसंग सांगितला. आपल्यापैकी पुष्कळांना तो माहीत असतो, वेळेवर आठवत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम यांचा इंतकाल झाला त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. लोक दोन्हींचा संबंध जोडू लागले. स्वतः दुःखात असूनही आपण (स.) यांनी तो समज तिथेच खोडून काढला : सूर्य-चंद्राला कुणाच्या मरणानं किंवा जन्मानं ग्रहण लागत नाही.

दादी सगळं ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना तारा दिसणं शक्य नव्हतं. म्हणाल्या, “अगं बेटी, शुक्राची चांदणी ना? ती उगवली की आम्ही जात्यावर बसायचो. तिला काय भ्यायचं?” शेजारच्या बाई तेवढ्यात चहा ठेवते म्हणून उठून गेल्या.

1 मार्चला, शाबानच्या 30 तारखेला, सगळा मोहल्ला गच्चीवर. या भावंडांनी सूर्य मावळायच्या आधीच शुक्र धरून ठेवला होता, त्यामुळे त्याच्या खालची चंद्रकोर त्यांनाच आधी सापडली. मुलगी धावत खाली गेली. दादींनी विचारलं, “उद्या सहरीला मला कोण उठवणार?”