शिक्षा आणि तालीम

जबलपूरच्या उत्तर भागातील गोहलपूर या दाट वस्तीत उर्दूच्या वळणाची हिंदी कानी पडते. तेथील बाप मुलांच्या 'तालीम'विषयी काळजी करतो, तेव्हा त्याच्या मनात शाळा असते. कोल्हापूरकडचा मराठी माणूस हाच शब्द ऐकतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे तांबड्या मातीचा हौदा उभा राहतो. आणि तो नाटकवेडा असेल, तर प्रयोगापूर्वीच्या रात्री. अरबीतून आलेला हा शब्द 'इल्म' म्हणजे ज्ञान या शब्दाच्या कुळातला. उत्तरेत तो पुस्तकापाशी राहिला, मराठीत शरीरात उतरला.

हिंदीतील 'शिक्षा' हा तर याहून चकवणारा शब्द. तेथे तो विद्येचा वाचक आहे, मराठीत दंडाचा. 'अभ्यास' हिंदीत सरावाकडे झुकतो, मराठीत अध्ययनाकडे. म्हणजे तीन शब्दांनी दोन भाषांत परस्परांची घरे जणू बदलून घेतली आहेत. लिपी तीच, अक्षरे तीच, म्हणून वाचणाऱ्याला संशय येत नाही. सर्वस्वी परक्या भाषेतील शब्दापुढे शिकणारा सावध असतो, कोश उघडतो. सख्ख्या भाषेचा शब्द त्याला ओळखीचा वाटतो, आणि ही ओळखच त्याला फसवते.

चिनी विद्यार्थी जपानी शिकू लागला की त्याच्या वाट्याला नेमके हेच येते. प्रयत्न आणि बळ या अर्थांच्या दोन चिन्हांनी लिहिलेला शब्द जपानीत 'बेंक्यो' म्हणजे अभ्यास होतो. चिनीत 'म्येनछ्यांग' म्हणजे मनाविरुद्ध, ओढूनताणून केलेले. विद्येचा आणि सक्तीचा हा शेजार काही एकट्या मराठीचा नव्हे. इंग्रजीतील 'डिसिप्लिन' शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधील शिकणे आहे. पण त्याच शब्दाने पुढे शासनही सुचवले जाऊ लागले.

'शिक्षा' या शब्दाचे मूळ 'शक्' धातूच्या इच्छार्थक रूपात शोधले जाते. समर्थ होण्याची इच्छा, हा त्याचा आरंभीचा भाव. वेदांगांमध्ये उच्चारशास्त्राला हेच नाव आहे. शिकणे, शिक्षक, शिक्षण, अशिक्षित या मराठी शब्दांत तो भाव आजही नांदतो. एकटी 'शिक्षा' तेवढी वाट सोडून गेली. 'चांगला धडा शिकवला' या प्रयोगात जे लाक्षणिक आहे, तेच 'शिक्षे'त वाच्यार्थ होऊन बसले. लक्षणा रुळली की ती लक्षणा आहे याचे स्मरण उरत नाही. आणि मग मूळ अर्थच दुसऱ्या कोणाचा तरी वाटू लागतो. पंतोजींच्या शाळेत वाढलेल्या पिढ्यांना या अर्थांतराचे नवल वाटले नसावे.

जबलपूरच्या मराठी घरांत हा प्रश्न केवळ कोशाचा राहत नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि उच्च न्यायालय नागपूरहून जबलपूरला आले. अशा घरातील वकिलाने अशिलाला 'शिक्षा' झाल्याचे जेवताना सांगावे, आणि त्याच पानावर बसलेल्या मुलाच्या वहीवर 'शिक्षा विभाग' छापलेले असावे, हे सहज घडण्यासारखे. हिंदी पाठ्यपुस्तकातील गोष्टीखाली प्रश्न असतो : या कथेतून कोणती शिक्षा मिळते? नातवाने तो जसाच्या तसा मराठीत विचारला, तर आजी विचारणारच, 'कोणाला रे?' तिला बोध किंवा तात्पर्य हा शब्द हवा असतो. नातवाच्या लेखी प्रश्नात चूक काहीच नसते. दोघेही आपापल्या भाषेत अचूक असतात, आणि तरी एका घरात एक शब्द दुभंगतो.

हे दुभंगणे नेहमी हानीचेच असते असे नाही. गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरात वाढले, काही काळ जबलपूरला राहिले आणि हिंदीचे थोर कवी झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. १९७९ चा साहित्य अकादेमी पुरस्कार त्यांच्या 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथाला मिळाला. एका घरातील दोन भावांच्या लेखण्यांना 'शिक्षा' हा शब्द दोन वजनांनी पेलावा लागला असणार. शब्दाकडे दोन्ही बाजूंनी पाहण्याची सवय लेखकाला उपकारकच होय.

हानी होते ती दचकणे थांबल्यावर. २००९ च्या कायद्याच्या नावात हिंदीत 'शिक्षा का अधिकार' आहे, मराठीत 'शिक्षणाचा हक्क'. आणि त्याच कायद्याच्या सतराव्या कलमाने विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली आहे. हा विरोध ज्याच्या कानाला जाणवतो, त्याच्यापाशी दोन्ही भाषा जिवंत आहेत. ज्या मराठी मुलाला तो जाणवत नाही, त्याने शब्द गमावलेला नसतो. छडीखाली अक्षरे गिरवलेल्या आपल्या पूर्वजांची त्या शब्दात साठलेली आठवण तेवढी गमावलेली असते. ती कोणत्याही शब्दकोशात सापडत नाही. नातवाच्या प्रश्नावर आजी क्षणभर थबकते, तेवढ्यापुरतीच ती घरात उरलेली असते.