कर्ज दहा वर्षांचं, डांबर पाच वर्षांचं

महापालिकेने रस्त्यांसाठी कर्ज काढायचा विषय सभेपुढे आला की दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, शहर गहाण टाकू नका. दुसरा म्हणतो, विकासाला पैसा लागतोच. नगरपालिकांचे कर्जप्रस्ताव तपासण्यात माझी नोकरीतली बहुतेक वर्षं गेली. प्रस्ताव हातात आला की मी आधी एकच गोष्ट शोधतो: रस्ता किती वर्षं टिकणार आहे?

साधा हिशेब मांडून पाहू. 100 कोटींचं कर्ज, व्याज 8 टक्के, मुदत दहा वर्षं, दरवर्षी सारखा हप्ता. हा हप्ता 14 कोटी 90 लाखांच्या आसपास येतो. या पैशातून पुनर्डांबरीकरण केलं आणि तो थर पाच पावसाळ्यांत उखडला, तर त्या वेळी मुद्दलाचे जवळजवळ 60 कोटी अजून फेडायचे असतात. रस्ता गेलेला आणि हप्ता चालू. पुन्हा डांबर टाकायला दुसरं कर्ज काढलं, की एकाच रस्त्याचे दोन हप्ते सुरू होतात. म्हणून खड्डे बुजवणं आणि वरचा थर बदलणं ही कामं त्या त्या वर्षीच्या महसुली उत्पन्नातूनच झाली पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. पण अंदाजपत्रकात पुनर्डांबरीकरण भांडवली खर्चात टाकलेलं मला अनेकदा दिसतं. एकदा ते त्या रकान्यात गेलं की कर्जाचा प्रस्ताव मांडायला वाट मोकळी होते.

टिकाऊ कामाची गोष्ट निराळी. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईत 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने कर्ज उभारून दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड ही त्याचीच कामं. शंभराहून अधिक वर्षं लोक ते वापरत आहेत. जो रस्ता पुढच्या पिढ्या वापरणार, त्याचा काही भार त्यांनीही उचलावा, हे न्याय्यच आहे.

मग प्रश्न उरतो परतफेडीचा. पाण्याला पट्टी असते, गल्लीतला रस्ता मात्र पैसा मिळवून देत नाही. 1997 साली बंगळूरु महापालिकेने रस्ते आणि गटारांसाठी 125 कोटींचे रोखे काढले, तेव्हा पाठीशी राज्य शासनाची हमी होती. पुढच्याच वर्षी अहमदाबादने हमीशिवाय 100 कोटी उभे केले, तेही पाणीपुरवठ्यासाठी आणि जकातीचं उत्पन्न तारण ठेवून. पुण्याने 2017 मध्ये 7.59 टक्के व्याजाने 200 कोटी उभारले, तेही पाण्यासाठीच. रस्त्यासाठी हमीशिवाय रोखे काढण्याचं धाडस मदुराईने 2001 मध्ये केलं: 30 कोटी, व्याज 12.25 टक्के. तिथल्या वळणरस्त्यावर टोल होता आणि टोलचा पैसा थेट एस्क्रो खात्यात जात होता. आधी हप्त्याची रक्कम बाजूला निघे, उरलेला पैसा महापालिकेला मिळे. मी वाचलेल्या रस्त्यांच्या कर्जांत मला हे सगळ्यात सरळ वाटतं. ज्याने रस्ता वापरला त्याने फेडलं, आणि मधल्या काळात तो पैसा दुसरीकडे वळवायला कोणाला वाव नव्हता.

महाराष्ट्रात मात्र स्वतःचं उत्पन्न तारण ठेवून रोखे काढण्याची वाट अरुंद झाली आहे. नाशिकने 1999 मध्ये जकातीच्या भरवशावर 100 कोटींचे रोखे काढले होते. पुढे जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही गेला, आणि 2017 पासून जीएसटीपोटी राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईवर महापालिका चालतात. स्वतःचं म्हणावं असं मोठं उत्पन्न राहिलं ते मालमत्ता कराचं. त्यालाही निवडणूक जवळ आली की सवलती आणि अभय योजना लागतात. शास्तीमाफीची वाट पाहणारा करदाता वेळेवर कर भरणं सोडून देतो. पतमानांकन करणारे आधी पाहतात ती मागणी आणि वसुली यांतली तफावत. महापालिकेची इमारत किती भव्य आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

एक कर्ज मात्र कोणत्याच ठरावात येत नाही: ठेकेदारांची थकलेली बिलं. काम झालं, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, पण तिजोरीत पैसा नाही म्हणून देयक वर्ष-दीड वर्ष पडून राहतं. या उधारीला व्याजदर लिहिलेला नसतो, पण तो वसूल होतो. ठेकेदार पुढची निविदा भरताना थांबण्याची किंमत दरात धरतो, किंवा थराची जाडी कमी करून ती काढतो. लहान ठेकेदार स्पर्धेतूनच बाहेर पडतात. बँकेचं कर्ज निदान कागदावर असतं, त्यावर चर्चा होते, राज्य शासनाची मंजुरी लागते. ही उधारी कोणी मंजूर केलेली नसते, आणि रस्ता का उखडला याचं उत्तर शोधताना तिच्याकडे कोणी पाहत नाही. माझ्या मते कर्जाला विरोध करणाऱ्या नगरसेवकांनी लेखा विभागाकडून आधी या थकलेल्या देयकांची यादी मागावी.

काँक्रीट रस्त्यासाठी पंधरा वर्षांचं कर्ज मागणारा प्रस्ताव आला, तर मी त्याला अनुकूल असतो. पण त्यासोबत मला एक कागद हवा असतो: त्या रस्त्याखाली पुढच्या काही वर्षांत कोण काय टाकणार आहे, याची जलवाहिनी, मलवाहिनी, गॅस आणि केबलवाल्यांनी सह्या केलेली यादी. बहुतेक प्रस्तावांना ती जोडलेली नसते. ती येईपर्यंत माझा शेरा 'अपूर्ण' असाच असतो.