बेरीज बरोबर, तरी निकाल चूक

बेगम बाजारात काकांचं भांड्यांचं घाऊक दुकान आहे आणि वरच्या खोलीत माझं काम चालतं. खाली गिऱ्हाइकं कुकरची झाकणं लावून बघत असतात, वर मी कंपायलर तपासत असतो. टेबलावर तळहाताएवढा बोर्ड. त्यावर ऑलविनरची डी१ चिप, चिपमध्ये टी-हेडचा सी९०६ गाभा. हा रिस्क-फाइव्ह प्रोसेसर व्हेक्टर सूचना जाणतो, म्हणजे एकाच सूचनेत अनेक आकड्यांवर क्रिया करतो. पण त्याला येते ती ०.७.१ आवृत्ती, २०१९ सालचा मसुदा. प्रमाण १.० आवृत्ती २०२१च्या अखेरीस मंजूर झाली, तोवर ही चिप बाजारात आलेली होती. चिप घडवणाऱ्यांना मी बोल लावत नाही. कोणीतरी आधी करून पाहिल्याशिवाय प्रमाण पक्कं होत नाही.

घोळ आहे तो आवृत्ती ओळखण्याचा. माझ्या बोर्डावरचं लिनक्स क्षमतांच्या यादीत नुसतं ‘व्ही’ दाखवतं, आणि १.०ची खूणही तीच. त्यावर विसंबून १.०चा प्रोग्राम चालवला तर बहुतेक वेळा तो ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून जागीच थांबतो. थांबला तर बरंच, निदान कळतं तरी. मला धास्ती असते ती न थांबणाऱ्याची.

१.०साठी हाताने लिहिलेला असेंब्लीचा एक तुकडा मी मुद्दाम या बोर्डावर चालवला. त्यात आधी सांगितलेलं असतं की आकडे १६ बिटांचे आहेत. ही माहिती ज्या बिटांत भरतात, त्यांची जागा दोन आवृत्त्यांत एका घराने सरकलेली आहे, त्यामुळे १.०चे १६ या चिपला ३२ दिसतात. पुढची सूचना मेमरीतून १६-१६ बिट उचलण्याची. तिचाच अर्थ ०.७.१मध्ये ‘१६ बिट उचला आणि उरलेल्या जागेत शून्यं भरा’ असा होतो. बेरीज केली, परत १६ बिटांत ठेवली, तर उत्तर अगदी बरोबर!

मग बेरजेऐवजी दोन आकड्यांतला मोठा काढायला लावला. उणे १ आणि ५. उत्तर आलं उणे १. पुढे शून्यं भरल्यामुळे आत उणे १चे ६५,५३५ झाले होते, ते ५पेक्षा मोठे ठरले आणि १६ बिटांत परतताना पुन्हा उणे १ झाले. प्रोग्राम थांबला नाही की कुठे तक्रार उमटली नाही. संगणकावर प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या क्यूएमूमध्ये हाच तुकडा ५ दाखवतो, कारण आजचं क्यूएमू १.० पाळतं.

चहा घेऊन वर आलेल्या काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, “अरे, दुसऱ्या कंपनीची रिंगसुद्धा झाकणात बसते. वाफ धरते की नाही, ते गॅसवर चढवल्याशिवाय कळत नाही.” मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

मे २०२४मध्ये आलेल्या जीसीसी १४ या कंपायलरने ही जुनी आवृत्ती ‘एक्सटीहेडव्हेक्टर’ या स्वतंत्र नावाने स्वीकारली; तिच्या सूचनांच्या नावांआधी ‘टीएच’ लागतं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. जीसीसीला या नावाचा पर्याय देऊन तीच कामं सी भाषेतून पुन्हा बांधली, प्रत्येक उत्तर साध्या, व्हेक्टर नसलेल्या लूपच्या उत्तराशी ताडलं. उणे १ आणि ५ यांतला मोठा आता ५ आला.

आपल्याकडे सी-डॅकचे वेगा आणि आयआयटी मद्रासचे शक्ती हे प्रोसेसर रिस्क-फाइव्हवरच उभे आहेत, तेव्हा या कामात अजून पुष्कळ हात लागतील. त्यात उतरणाऱ्यांना माझी विनंती आहे: नुसत्या बेरजेवर कंपायलरला पास करू नका. चाचण्यांत ऋण आकडे, तुलना आणि उजवीकडचे शिफ्ट घाला, यादीची लांबी मुद्दाम विषम ठेवा, निकालासोबत व्हेक्टरची आवृत्ती लिहा, आणि शेवटी सगळं खऱ्या बोर्डावर चालवा.